साष्टीचा कंद : पांढऱ्या मुसळीचे नामकरण, तिचे उपयोग आणि मीरा-भाईंदरचे डोंगरपाडे

गोषवारा

पांढरी मुसळी या रानटी वनस्पतीचे शास्त्रीय नाव साष्टी बेटावरील बोरिवलीवरून पडले आहे. तिची मांसल मुळे औषधी व पौष्टिक म्हणून देशभर विकली जातात, तर तिची कोवळी पाने 'फोडशी' किंवा 'कुळी' या नावाने ठाणे जिल्ह्यात भाजी म्हणून खाल्ली जातात. प्रस्तुत निबंधात या वनस्पतीच्या निमित्ताने साष्टीतील कंदमुळांच्या ज्ञानाचा, त्याच्या लेखी नोंदींचा आणि ते ज्ञान बाळगणाऱ्या लोकांच्या हक्कांचा इतिहास थोडक्यात मांडला आहे. वनस्पतीची नोंद झाली, तिची शेती झाली, तिचा बाजार झाला. परंतु ज्यांच्या रानात ती उगवत होती त्या पाड्यांचा तिच्यावरील हक्क मात्र अनिर्णितच राहिला, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

१. प्रस्तावना

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे. पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा, मध्ये मिठागरे व खाजणे आणि पूर्वेस काशीमिरा, चेणे व घोडबंदरचे डोंगर अशी त्याची नैसर्गिक रचना आहे. या भागाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा खाडीकडे जाते. घोडबंदरचा किल्ला, पोर्तुगीजांचा अंमल, मराठ्यांची वसई मोहीम, मिठाचा व्यापार आणि रेल्वे हे विषय पुन्हा पुन्हा अभ्यासले गेले आहेत. पूर्वेकडील डोंगर मात्र इतिहासलेखनात पार्श्वभूमीसारखेच राहिले.

हे डोंगर बोरिवली, कान्हेरी आणि येऊर येथील डोंगरांशी सलग आहेत. आज या रांगेचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. महानगरपालिकांच्या सीमा त्यातून गेल्या असल्या तरी वनस्पतींच्या दृष्टीने तो एकच प्रदेश आहे. या प्रदेशाने वनस्पतिशास्त्राला दिलेले एक नाव म्हणजे 'क्लोरोफायटम बोरिविलिएनम', अर्थात आपल्या परिचयाची पांढरी किंवा सफेद मुसळी होय.

एखाद्या वनस्पतीचा इतिहास म्हणजे तिच्या शोधाची तारीख नव्हे. ती कोण खात होते, कोणी तिची नोंद केली, कोणी तिला किंमत दिली आणि कोणाला ती खणण्याची मनाई झाली, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या इतिहासात यावी लागतात. प्रस्तुत निबंधात याच क्रमाने विचार केला आहे.

२. वनस्पतीचा परिचय

पांढरी मुसळी ही पावसाळ्यात वाढणारी लहान वनस्पती आहे. पूर्वी तिचा समावेश पलांडू कुलात केला जात असे. आधुनिक वर्गीकरणात ती शतावरी कुलात येते. पहिल्या पावसानंतर जमिनीलगत तिच्या लांबट पानांचा झुबका दिसू लागतो. त्यांच्या मधून एक दांडा वर येतो आणि त्यावर पांढरी, सहा पाकळ्यांची फुले लागतात. बी काळे, कांद्याच्या बियांसारखे असते. पावसाळा सरल्यावर पाने पिवळी पडून वाळतात आणि वनस्पती जमिनीवरून नाहीशी होते. जमिनीखाली मात्र तिचा डोळा व मांसल मुळांचा जुडगा पुढील पावसाची वाट पाहत सुप्तावस्थेत राहतो.

या मुळांना लोकभाषेत कंद म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत ती कंदिल मुळे होत. याच वंशातील दुसऱ्या एका जातीत मुळांची गाठ दोऱ्यासारख्या बारीक मुळीच्या टोकाशी लोंबकळते. बोरिवलीच्या जातीत मात्र जाड, लांबट मुळे थेट खोडाच्या तबकडीपासूनच फुटतात. त्यामुळे खणताना ती एकत्र हाती लागतात. बाजारात तिला मिळालेल्या पसंतीमागे हेही एक व्यावहारिक कारण आहे.

'मुसळी' हे नाव अनेक वनस्पतींना लावले जाते. काळी मुसळी ही निराळ्या कुलातील वनस्पती आहे. पांढरी मुसळी म्हणून क्लोरोफायटम वंशाच्या अनेक जाती विकल्या जातात आणि उत्तरेत काही ठिकाणी शतावरीच्या एका जातीची मुळेही याच नावाने मिळतात. म्हणून जुन्या वैद्यकीय ग्रंथांत 'मुसली' हा शब्द आढळला म्हणजे तेथे साष्टीतील हीच जात अभिप्रेत आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

३. लेखी परंपरेतील कंदमुळे

मराठी समाजाच्या धार्मिक आचारात कंदमुळांना एक विशिष्ट स्थान आहे. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न वर्ज्य मानतात आणि कंदमुळे व पालेभाज्या यांची 'ऋषीची भाजी' करतात. नांगराखाली न आलेले अन्न अधिक पवित्र, ही कल्पना त्यामागे आहे. म्हणजेच शेतीवर जगणाऱ्या समाजानेही शेतीपूर्व अन्नाची स्मृती वर्षातून एक दिवस का होईना जपली आहे. मात्र ज्यांच्या घरी असे अन्न वर्षातून अनेक दिवस शिजते, त्यांना त्या पावित्र्याचा वाटा मिळालेला दिसत नाही.

सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख त्यांना मिळाला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि साष्टीतील लेण्यांचाही त्याने उल्लेख केला आहे. तथापि त्याच्या ग्रंथाचा मुख्य विषय व्यापारात आलेली द्रव्ये हा होता. डोंगरातील जी मुळे बंदरावर पोहोचत नव्हती, ती अशा ग्रंथाच्या कक्षेत सहसा येत नसत.

अमेरिका खंडातील रताळे, बटाटा आणि साबुदाण्याचे मूळ असलेले कसावा ही पिके भारतात आली, ती युरोपीय संपर्कामुळेच. आज उपवासाच्या ताटातील बहुतेक पदार्थ या परदेशी कंदमुळांचेच असतात. साष्टीच्या डोंगरातील कंद त्या ताटाबाहेर राहिले.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती बदलली. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आले. त्यात वारली, काथोडी, ठाकूर आदी जमातींची वर्णने आहेत. १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरील खंड निघाला. गोमंतकीय वैद्य व वनस्पतिज्ञ डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ यांच्या परिश्रमांचा त्यात मोठा वाटा आहे. या खंडात दुष्काळात व टंचाईच्या काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची यादी आढळते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

लिस्बोआ यांच्या कार्याचे मोल मोठे आहे. तरीही 'दुष्काळी अन्न' या शीर्षकाचा एक परिणाम असा झाला की रानातील कंद हे केवळ नाइलाजाने खाण्याचे पदार्थ होत, अशी समजूत पुढील लेखनात रूढ झाली. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. उदाहरणार्थ, कडूकंद कच्चा खाल्ल्यास अपायकारक ठरतो. त्याच्या चकत्या करून त्या राखेसह उकळणे, नंतर वाहत्या पाण्यात दीर्घकाळ ठेवून त्यांचा कडवटपणा घालविणे आणि मगच त्या खाणे, अशी त्याची पद्धत आहे. कोणत्या महिन्यात वेल ओळखावा, पाने गळाल्यावर जागा कशी लक्षात ठेवावी, किती खणावे आणि पुढील वर्षासाठी काय राखावे, हे ज्ञान एखाद्या दुष्काळी वर्षात अचानक निर्माण होत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या नियमित वापरातूनच तयार होते. दुष्काळात इतर लोकही त्या ज्ञानाकडे वळले, एवढेच म्हणता येईल.

४. १९५५ चे नामकरण

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील प्रमाणग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रकाशित झाला. क्लोरोफायटम वंशाच्या काही जाती त्यात वर्णिलेल्या आहेत. बोरिवलीची जात मात्र स्वतंत्रपणे ओळखली जाण्यास आणखी सुमारे अर्धशतक जावे लागले.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ हे स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. खंडाळा व पुरंदर येथील वनस्पतींवरील त्यांचे ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहेत. १९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. सांतापाऊ व आर. आर. फर्नांडिस यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५२ व्या खंडात, १९५५ साली, या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला बोरिवलीचे नाव दिले.

वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार नवी जात सिद्ध करताना नमुना गोळा करणे, त्याचे शास्त्रीय वर्णन करणे आणि ते प्रसिद्ध करणे आवश्यक असते. स्थानिक नाव किंवा स्थानिक उपयोग नोंदविण्याचे बंधन त्यात नसते. त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने १९५५ मध्ये जन्मलेली ही वनस्पती पाड्यावरील स्त्रीच्या दृष्टीने 'फोडशी' म्हणून आधीच परिचित असू शकते, यात विसंगती नाही. दोन्ही नावांचे प्रयोजन भिन्न आहे. एक नाव जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत ओळख पटविते. दुसरे नाव ती केव्हा खुडावी व कशी शिजवावी हे सांगते. इतिहासकाराने या दोहोंपैकी एकाच नावाला ज्ञान मानणे योग्य ठरणार नाही.

५. जंगलाचे कायदे

या वनस्पतीच्या अधिवासावर कायद्याची सत्ता तिच्या नामकरणापूर्वीच आली होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची व्यवस्था निर्माण केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्या वादाचा एक प्रमुख विषय 'राब' हा होता. भातरोपांसाठी जमीन भाजण्याकरिता झाडांच्या फांद्या तोडण्याची मुभा शेतकऱ्यांना हवी होती. राबाचा संबंध भातशेतीशी व पर्यायाने सरकारी साऱ्याशी होता, म्हणून त्याची दखल घेणे शासनाला भाग पडले. कंद खणण्यातून ना सारा मिळत होता, ना इमारती लाकूड. अशा उपयोगांना प्रशासकीय चर्चेत दुय्यम स्थान मिळणे त्या व्यवस्थेच्या तर्काला धरूनच होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास बोरिवलीजवळील वनक्षेत्राला कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यानाचे रूप मिळाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातील वनस्पती नष्ट करण्यास अथवा तेथून नेण्यास प्रतिबंध केला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतर झोपडपट्टीतील नवागत कोण आणि पाड्यावरील मूळ रहिवासी कोण, हा भेद कागदपत्रांच्या आधारे सिद्ध करण्याची वेळ आदिवासी कुटुंबांवरही आली.

या उद्यानामुळे मुंबई व ठाणे यांच्या मधोमध एक विस्तीर्ण जंगल टिकून राहिले, हे निर्विवाद आहे. उद्यान नसते तर मुसळीचा हा मूळ अधिवास इमारतींखाली गेला असता, असे म्हणण्यास मीरा-भाईंदरच्या सपाट भागाचा अलीकडील इतिहास पुरेसा आहे. संरक्षणाचे हे श्रेय मान्य करूनच त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारावा लागतो.

६. रानातून शेतात, शेतातून बाजारात

विसाव्या शतकाच्या अखेरीस शक्तिवर्धक औषधांच्या उद्योगात पांढऱ्या मुसळीची मागणी वाढली. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना केली आणि प्राधान्याच्या ३२ वनस्पतींत सफेद मुसळीचा समावेश झाला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात व राजस्थान येथे तिची लागवड पसरली.

लागवडीची रीत श्रमाची आहे. जूनमध्ये गादीवाफ्यांवर डोळ्यासह मुळे लावतात. पाने वाळून गेल्यावर मुळे काही काळ जमिनीतच पक्व होऊ देतात आणि मग खणतात. प्रत्येक मुळाची साल हाताने काढून ती वाळवावी लागते. वाळल्यावर वजन ताज्या मुळांच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरते. बेणे महाग आणि मजुरी अधिक, म्हणून आरंभीचा खर्च मोठा. त्या काळात परतखरेदीची हमी देऊन चढ्या दराने बेणे विकण्याचे प्रकार झाले आणि बाजार कोसळल्यावर अनेक शेतकरी अडचणीत आले. रानात फुकट उगवणारा कंद कर्जाचे कारण होऊ शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

येथे एक विलक्षण परिस्थिती दिसते. बोरिवलीचे नाव धारण करणारी वनस्पती देशातील शेकडो शेतांत कायदेशीरपणे खणली जाते. बोरिवलीच्या डोंगरात मात्र तिचे मूळ खणणे हा गुन्हा आहे. संवर्धनाच्या दृष्टीने या मनाईला आधार आहे, कारण बाजारभाव चढे असताना रानातील मुळांची सरसकट खणणी झाली तर ती जात त्या डोंगरातून नष्ट होईल. तथापि ही मनाई बाजारासाठी खणणाऱ्यात आणि घरासाठी खुडणाऱ्यात भेद करीत नाही, ही तिची उणीव आहे.

७. पान आणि मूळ

हा भेद महत्त्वाचा आहे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी घरांत या वनस्पतीचा सर्वपरिचित उपयोग पानांचा आहे. जून-जुलैमध्ये, दांडा येण्यापूर्वी, कोवळी पाने काढतात. पानांतील जाड भाग काढून ती बारीक चिरतात आणि कांदा घालून, कधी डाळ किंवा बेसन लावून भाजी करतात. पावसाच्या आरंभी उपनगरी स्थानकांबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या स्त्रियांकडे या भाजीच्या जुड्या दिसतात. घरातील धान्य सरत आलेले असते आणि नवे भात हाती येण्यास अवकाश असतो; त्या दिवसांत ही भाजी पोटाला आणि चार पैशांना उपयोगी पडते.

पान खुडल्याने झाडाची वाढ काही अंशी खुंटते. पण जमिनीखालील डोळा शाबूत राहिला तर ते पुन्हा फुटते. मूळ खणले आणि डोळा परत लावला नाही तर मात्र झाड संपते. म्हणजे ज्या समाजाला आपण 'कंदमुळांवर जगणारा' म्हणतो, त्याचा या वनस्पतीशी असलेला नित्याचा व्यवहार प्रामुख्याने पानांचा आहे. आणि मुळांचा मोठा उपभोग हा नागरी बाजाराचा आहे. 'जंगल कोणामुळे धोक्यात येते' या प्रश्नाचे प्रचलित उत्तर या एका उदाहरणापुरते तरी उलटे करावे लागते.

८. ग्रामसभा नसलेले गाव

२००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला नवे वळण दिले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य करताना या कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पतींबरोबर मुळे व कंद यांचाही स्पष्ट उल्लेख केला. ज्या वस्तूला १८८० च्या दशकातील चर्चेत फारसे स्थान नव्हते, ती सुमारे सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या पानावर आली. या कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानेही समाविष्ट आहेत.

परंतु हक्क ठरविण्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. मीरा-भाईंदर परिसरातील पाच ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली. १९९० मध्ये आणखी चार ग्रामपंचायती तिच्यात आल्या. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. प्रशासनाच्या दृष्टीने ही प्रगती होती. पाणी, रस्ते, शाळा यांच्या अपेक्षेने लोकांनीही तिचे स्वागत केले असेल. मात्र काजूपाडा किंवा माशाचा पाडा यांसारख्या वस्त्यांसाठी या बदलाचा अर्थ असा झाला की कायदा ज्या सभेला पहिले स्थान देतो ती सभा नगरक्षेत्रात सहजी उपलब्ध राहिली नाही. डोंगर तेथेच राहिला, पाडा तेथेच राहिला. कागदावरचे गाव तेवढे गेले.

वारली समाजाने १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथामुळे मराठी वाचकांना ज्ञात आहे. तो लढा श्रमाच्या व जमिनीच्या हक्काचा होता. साष्टीच्या डोंगरपाड्यांचा प्रश्न त्याहून शांत स्वरूपाचा आहे. येथे जमीनदार समोर नाही. समोर आहेत नकाशे, सीमारेषा आणि सभेचा अभाव.

९. समारोप

पांढऱ्या मुसळीच्या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की रानातील कंदमुळांना 'दुष्काळी अन्न' म्हणणे अपुरे आहे; त्यांच्यामागे ऋतुमानाशी जुळलेले नियमित ज्ञान आहे. दुसरा असा की १९५५ च्या शास्त्रीय नामकरणाने या वनस्पतीला जगभर ओळख दिली, परंतु त्या ओळखीत स्थानिक उपयोगाला जागा नव्हती. तिसरा असा की कायद्याने आणि बाजाराने वनस्पतीला अनुक्रमे निषिद्ध वस्तू व माल मानले. भाजी म्हणून तिचा विचार दोघांनीही केला नाही.

पुढील संशोधनासाठी एक काम तातडीचे आहे. काशीमिरा ते चेणे या पट्ट्यातील पाड्यांवर वृद्ध स्त्रियांकडून रानभाज्या व कंद यांची नावे, खुडण्याचे काळ, शिजविण्याच्या रीती आणि राखण्याचे संकेत नोंदवून घेतले पाहिजेत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घेतल्यास उत्तम. अशी नोंद केवळ अभ्यासाची सामग्री ठरणार नाही. एखादे वनोपज परंपरेने गोळा केले जात होते, हे वनहक्काच्या प्रक्रियेत दाखवावे लागते आणि त्यासाठी ज्येष्ठांच्या कथनालाही पुराव्याचे मोल आहे. हे कथन करू शकणारी पिढी आता वार्धक्यात आहे. सांतापाऊ व फर्नांडिस यांनी वनस्पतीचा नमुना वेळेवर गोळा केला, म्हणून तिचे नाव टिकले. तिच्या ज्ञानाचा नमुनाही तितक्याच दक्षतेने आणि वेळेवर गोळा होणे आवश्यक आहे.